माय म्हणते "माहा नंबर पाचच हाय" – उतारवयात चप्पल-जोडे कसे निवडावे?

निंबोणी
१० ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं एक लहान गाव. आई ६८ वर्षांची. मी नागपूरला असते आणि दर दिवाळीला तिच्यासाठी साडी आणि चप्पल नेते. साडी ती नेसते, चप्पल दारामागच्या फळीवर जाऊन बसते. परवा गेले तर फळीवर चार जोड दिसले. चारही मीच नेलेले, चारही पाच नंबरचे. पायात मात्र तीच जुनी रबरी स्लीपर, टाचेखाली झिजून पापडासारखी झालेली, आणि आईची टाच मागून अर्धा बोट बाहेर.

विचारलं तर म्हणे, "नवी चावते." मोठा नंबर आणू का म्हटलं तर, "माहा नंबर पाचच हाय. लग्नातबी पाचच होती."

उजव्या करंगळीवर कुरूप आहे, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि जोडव्याच्या बोटाला वळ पडलाय. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होईल. ती घरी बसणाऱ्यातली नाही, आणि बसावं असं मलाही वाटत नाही. पण तिला लंगडत वावरात जाताना पाहवत नाही.

पाय वयाबरोबर खरंच मोठे होतात का? ती दुकानात येत नाही, मग माप कसं घ्यायचं? आणि वावराला चालेल असं नेमकं काय घ्यावं? अनुभव सांगा.

वर्धेकाठचा
१० ऑक्टोबर, रात्री ९.५२

ताई, सात नंबर आणा अन् खालचा आकडा खरडून पाच करून द्या. आमच्या बाबाले असंच पटवलं. वर म्हणे, "पहाय, पाच नंबर कसा बराबर बसला!"

परिचारिका_काकू
१० ऑक्टोबर, रात्री १०.३०

निंबोणी, पाय मोठे होतात, अगदी नक्की होतात. हाडं वाढत नाहीत, पण हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयाबरोबर सैल पडतात. तळपायाची कमान खाली बसते आणि पाऊल लांबीला अन् रुंदीला पसरतं, चवड्याकडे जास्तच. अर्धा-एक नंबराचा फरक सहज पडतो. गरोदरपणातही पाऊल पसरतं आणि पुष्कळ बायकांचं ते परत पहिल्यासारखं होत नाही. तुझ्या आईचा लग्नातला नंबर तुझ्या जन्माच्या वेळीच बदलला असेल.

दुसरी गोष्ट टाचेची. टाचेखाली चरबीची एक गादी असते, ती उतारवयात पातळ होते. म्हणजे आईची अडचण दुहेरी आहे. जुनी स्लीपर चावत नाही म्हणून ती घालते, पण त्या स्लीपरला गादी उरलेली नाही आणि टाचेलाही नाही.

माप असं घे. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेव. आईला त्यावर उभं कर, टाच भिंतीला लागलेली, भार दोन्ही पायांवर. बसून घेतलेलं माप कामाचं नाही, भार पडल्यावर पाऊल पसरतं तेच खरं. पेन्सिल सरळ उभी धरून कडेकडेने फिरव, आत तिरकी नको. लांबी सगळ्यात पुढे आलेल्या बोटापर्यंत मोजायची. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. त्यापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. मग तो आकार जाड पुठ्ठ्यावर चिकटवून काप आणि दुकानात सँडलमध्ये ठेवून बघ. पुठ्ठा कडेला दुमडला किंवा बाहेर आला की ती सँडल तिथेच सोडायची, विकणारा काहीही म्हणो.

आणि कुरूप ब्लेडने कापू देऊ नकोस. गावात सर्रास कापतात.

काळी_माती
११ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

मी थोडा उलटा बोलतो, राग मानू नका. माहे बाबा ७९ वर्षांचे. जन्मभर वावरात अनवाणी फिरले, आजही जातात. एक कुरूप नाही, बोटं पंख्यावानी मोकळी. पाय बिघडतात ते जोड्यांनीच. पावसाळ्यात आमच्या काळ्या वावरात जोडे घालून दहा पावलं चालून दाखवा, एकेका पायाले दोन किलो गारा लागते. मायले मोकळं राहू द्या.

मोर्शीची_सून
११ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

काळी_माती भाऊ, बाबांचे पाय चांगले आहेत हे वाचून आनंद झाला. पण सोयाबीन सोंगल्यावर जे धसकट उरतं ते तिरकं कापलेलं असतं, सुयाच. तुरीचं खुंट तर पातळ स्लीपर फोडून वर येतं. माझ्या सासूबाईंच्या तळव्यात असंच घुसलं, २२ दिवस पाय टेकता आला नाही.

आणि बायकांचं अनवाणी चालणं मोकळं कधी होतं? मी १९८८ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा पारावर मोठी माणसं बसलेली असली की चपला हातात घेऊन, पदर ओढून जायचं. गावाची शीव ओलांडली की पायात घालायच्या. सासूबाईंनी जन्मभर तसंच केलं. चप्पल म्हणजे बाहेरगावची, लग्नाकार्याची वस्तू. ती पायाला बसते की नाही हे कोणी त्यांना विचारलंच नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. निंबोणी, तुझ्या आईचं "नवी चावते" हे फार मोठं बोलणं आहे गं. निदान ती सांगते तरी.

जोडव्याकडे आधी बघ. बोट सुजलं की जोडवं रुततं आणि बंद जोड्यात शेजारच्या बोटाला घासतं. ओढून काढू नकोस. सोनाराकडे ने, तो कापून मोकळ्या तोंडाचं करून देतो, म्हणजे हवं तसं सैल करता येतं.

मास्तर_अकोट
११ ऑक्टोबर, दुपारी १.२०

नंबराचा घोळ थोडा सोडवतो.

आपल्या दुकानांतले ६, ७, ८ हे इंग्लंडच्या पद्धतीचे नंबर. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. ३८, ३९, ४० हे युरोपचे, तिथे एका नंबराला सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. दोन्ही नंबर लांबीचे आहेत, रुंदी त्यात कुठेच नाही! रुंद पावलाचा माणूस मग काय करतो? लांबीने मोठा जोडा घेतो. चवडा सुटतो, पण टाच आत-बाहेर होते आणि पाय अडखळतो. म्हातारपणी पडण्याचं हे एक कारण.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. जोडा ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर बेततात त्याला फर्मा म्हणतात; आपली पावलं परदेशी फर्म्यांच्या मानाने चवड्याकडे रुंद असतात, असं त्यात दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. 'भा' भारताचा. त्याच पाहणीत मुलींचं पाऊल साधारण ११ व्या वर्षी आणि मुलांचं १५-१६ व्या वर्षी पूर्ण वाढतं असंही दिसलं. माझ्या सातवीतल्या पोरी आईची चप्पल घालून शाळेत येतात, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

तर निंबोणी, आईच्या पायात दोष नाही. रुंद पाऊल ही आपल्याकडची सरळ गोष्ट आहे, जोडेच अरुंद आहेत. हे तिला सांगा. पुष्कळ म्हाताऱ्या बायांना रुंद पायाची लाज वाटते.

झाडीपट्टीचा
११ ऑक्टोबर, रात्री ८.४५

काळी_माती भाऊंच्या बाबांच्या पायाला डोळे आहेत जी. माझ्या पायाचे गेले.

मला १४ वर्षांपासून शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात साकोलीकडे एका लग्नाला गेलो. मांडवाबाहेर काढलेली चप्पल जेवण झाल्यावर सापडेना. गाडी सिमेंट रस्त्याच्या पलीकडे, दीडेकशे पावलं असतील. दुपारचे दोन. गेलो चालत, काही वाटलं नाही. घरी येऊन पंख्याखाली झोपलो. संध्याकाळी बायकोने चहा आणला आणि कप खाली ठेवून ओरडली. दोन्ही चवड्यांना करवंदाएवढे फोड, एक फुटून चादर ओली झालेली. मला दुखतच नव्हतं. ते भरायला अडीच महिने गेले, रोवणीचा हंगाम खाटेवर गेला.

लोक "तळपायाची आग मस्तकात गेली" म्हणतात. आमची तळपायाची आग आधी रात्री झोपू देत नाही, मग एक दिवस शांत होते. आपल्याला वाटतं, बरं झालं. ती शांतता वाईट. निंबोणीताई, आईची शुगर तपासली का?

वर्धेकाठचा
११ ऑक्टोबर, रात्री ९.००

बाप्पा. वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या दादा.

परिचारिका_काकू
१२ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

झाडीपट्टीचा भाऊ, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलं. ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक जाड धागा असतो, १० ग्रॅमचा म्हणतात. तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवतात आणि डोळे मिटून "लागलं" म्हणायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

घरी रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, रोवणीवाल्यांना चिखल्या होतात त्या तिथेच. जोडा घालण्याआधी हात घालून बघायचा. आपल्याकडे खडाच निघेल असं नाही, विंचूही निघतो. आणि बधिर पायाला अंगठ्याची स्लीपर नको. ती निसटली तरी कळत नाही, माणूस तसाच पुढे जातो. मागून पट्टा हवाच.

पूर्व विदर्भात हत्तीरोगाने एकच पाय सुजलेले लोकही पुष्कळ आहेत. त्यांनी दोन पायांना दोन नंबर घ्यायला लाजू नये. एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागला तर जोड्याचा विचार नंतर, आधी दवाखाना.

वरोऱ्याची_वाट
१२ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

आनंदवन आमच्यापासून जवळ. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली. लहानपणी मी तिथल्या लोकांच्या पायात काळ्या मऊ रबराच्या, मागून पट्टा असलेल्या चपला पाहायचो, तेव्हा त्यांचं महत्त्व कळलं नव्हतं. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या पायाच्या जखमा मांस आपोआप सडून होत नाहीत, दुखत नसल्यामुळे माणूस त्याच जागी भार देत राहतो म्हणून होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या विचारातून ती चप्पल रुजली. आत बारीक छिद्रांचं मऊ रबर, खाली टणक तळ, आणि कुठेही खिळा नाही. एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल म्हणतात तिला.

आता शुगरवाल्यांनाही तीच सांगतात. कुष्ठरुग्णांना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळते. आमच्या गावात मात्र काही जण ती घालायला तयार नसतात, "लोक महारोगी समजतील" म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं. पाय वाचवणाऱ्या वस्तूची कसली लाज?

रापी_आरी
१२ ऑक्टोबर, रात्री ११.१०

मी मोच्याचा पोरगा. बाबा ४० वर्षं आठवडी बाजारात बसले, आता मी बसतो. बराच वेळ नुसता वाचून राहिलो होतो, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

गिऱ्हाईक आलं की मी आधी जुनी चप्पल उलटी करून पाहतो. टाच बाहेरच्या कडेने थोडी झिजली असेल तर ठीक. आतल्या कडेने झिजली म्हणजे कमान बसली. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला असेल तर हाड बाहेर येऊन राहिलं आहे. निंबोणीताई, ती जुनी स्लीपर फेकू नका, दुकानात सोबत न्या. पायाचा सगळा इतिहास तिच्यात आहे.

जोडा हातात घेऊन वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर नका घेऊ. ओला कपडा पिळल्यासारखा पिळून पाहा, सहज पिळला गेला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यात लडबडते. लोकांना वाटते जितका मऊ तितका चांगला. तसं नाही. आत मऊ, खाली टणक. वरचे भाऊ एमसीआरचं सांगून राहिले, त्यातही तेच आहे. आतून बोट फिरवून शिवण पाहा, तुमच्या बोटाला लागली तर त्यांच्या कुरपाला लागणारच.

खरं चामडं असेल तर हाडाच्या जागी फर्मा घालून रात्रभर ठेवतो, जागा सुटते. रेक्झिन ताणत नाही, फाटते. स्लीपरले मागून पट्टा मी शिवून देतो. लोक हजाराची नवी घेतात, पण पट्ट्यासाठी वाकून बसलेल्या माणसाकडे येत नाहीत.

मोर्शीची_सून
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

रापी_आरी भाऊ, लिहीत जा. किती कामाचं सांगितलंत!

माझा उपाय निंबोणीसाठी: बायकांच्या सँडली पुढे निमुळत्या असतात, म्हणून मी सासूबाईंना पुरुषांची घेतली. तीन चिकटपट्ट्यांची, दोन पुढे आणि एक मागे. सकाळी घट्ट, सूज आली की सैल. "माणसाची चप्पल घालू का आता?" म्हणून आठ दिवस अबोला. शेवटी आमच्या मोच्याने वरच्या काळ्या पट्ट्या काढून मरून रंगाच्या शिवून दिल्या. तेव्हापासून त्या शेजारणींना पाय पुढे करून दाखवतात.

पायी_शेगाव
१३ ऑक्टोबर, दुपारी ४.००

दरवर्षी अकोल्याहून शेगावला पायी जातो, वय ६१. एकच सांगतो, नवे जोडे घालून निघू नका. महिनाभर आधी घरी-दारी घालून मुरवा. पहिल्या वर्षी आदल्या दिवशी घेतले होते आणि बाळापूरच्या अलीकडे हातात घेऊन चाललो. गण गण गणात बोते.

काळी_माती
१३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सगळं वाचलं. झाडीपट्टीच्या भाऊंचं वाचून झोप आली नाही. बाबाले शुगर हाय की नाही, आम्ही कधी पाहिलंच नाही. उद्या पीएचसीत नेतो. चिखलाचं मात्र माहं म्हणणं तेच हाय. ओल्या वावरात जोडा नाही चालत.

परिचारिका_काकू
१३ ऑक्टोबर, रात्री ९.४५

ओल्या वावराचं तुमचं बरोबर आहे भाऊ. तिथे घोट्याच्या वरपर्यंतचे गमबूट बरे, सापाचीही भीती कमी होते. पण आत मोजे हवेत आणि घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करायचे. शुगरचं काय निघालं ते कळवा.

निंबोणी
२६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

उशीर झाला, दिवाळीत गावीच होते. तुम्हा सगळ्यांचं सांगणं एका वहीत उतरवून नेलं होतं.

संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर आईला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उभं केलं. "गुदगुल्या होतात," म्हणून हसत होती. डावा पाय २४.१, उजवा २४.७ सेंटिमीटर, चवडा १०.३. मग मी काहीच बोलले नाही, फक्त फळीवरची पाच नंबरची चप्पल त्या पेन्सिलीच्या रेघेवर ठेवली. चारी बाजूंनी रेघ बाहेर. आई खाली बसली, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा तं माह्या मायचा पाय हाय." आजी जाऊन ३१ वर्षं झाली. आईने तिचे पाय चेपलेले आहेत, तिला तो आकार हाताने ठाऊक होता. त्यानंतर नंबराचा वाद झालाच नाही. वर्धेकाठचा दादा, आकडा खरडायची वेळ आली नाही.

जोडवी सोनाराकडून मोकळ्या तोंडाची करून घेतली, खालची कातडी पांढरी पडली होती. पुठ्ठ्याचं पाऊल आणि जुनी स्लीपर घेऊन दारव्ह्याच्या बाजारात गेले. पुठ्ठा तीन दुकानांत दुमडला. एका दुकानदाराने सांगितलं, "घालून घालून सैल होईल," मी नमस्कार करून निघाले. चौथ्या दुकानात पुरुषांची सहा नंबरची तीन पट्ट्यांची सँडल बसली. सात नंबरमध्ये टाच सरकणार हे पुठ्ठ्यावरूनच दिसत होतं.

पहिले आठ दिवस फक्त अंगणात आणि विहिरीपर्यंत. परवा पहिल्यांदा वेचणीला घालून गेली. दुपारी डबा द्यायला गेले तर सँडल धुऱ्यावर काढून ठेवलेली! माझा जीव खाली गेला. तिला विचारलं तर म्हणे, "जेवाले बसली म्हणून काढली." जेवण झाल्यावर तिने स्वतःच पट्ट्या लावल्या, मागची आधी.

करंगळीला अजून थोडं लागतं. पट्टी चामड्याची आहे, पुढच्या बाजाराला मोच्याकडे फर्म्यावर ठेवायला देणार. शुगर तपासली, नाही निघाली.

झाडीपट्टीचा
२६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

लय बरं वाटलं ताई. आईंना नमस्कार सांगा.

काळी_माती
२७ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

बाबाची शुगर थोडी निघाली, गोळी सुरू केली. काल पुठ्ठ्यावर त्यायचे पाय काढले. डावा उजव्यापेक्षा पाऊण सेंटिमीटर मोठा निघाला. ७९ वर्षांत आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आता दुकानात नंबर कोणत्या पायाचा सांगू?

परिचारिका_काकू
२७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मोठ्या पायाचा. लहान पायाच्या जोड्यात आतून एक पातळ तळ टाकून घ्या. आणि बाबांना उभं करून मापलं होतं ना?

काळी_माती
२७ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

खाटेवर बसवून मापलं. आज संध्याकाळी परत काढतो.